वरच्या मजल्याची लाईन

टेंभुर्णी,
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. सौ. मीना हिला मथुराआक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि बोरकुटाची पुडी पोचली. फोन असताना नणंद-भावजयींना पत्रं कशाला लागतात, असं रामप्रसाद हसतो म्हणतेस. माझ्या धाकट्या भावाला सांग, एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेल्या बाईला फोनवर मनातलं बोलता येत नाही. तारेवर काय काय ऐकलं जातं ते तिला ठाऊक असतं.

इथली बातमी म्हणजे घरात इंटरनेट आलं. दैवशालेच्या आरोग्य केंद्राची सगळी माहिती आता मोबाईलवर भरावी लागते, आणि वरच्या मजल्यावर रेंज नाही. तुझा आदिनाथ गेल्यावर सुनेला आणि नातीला मी इथे आणलं, ते दैवशालेने गच्चीच्या कठड्याला टेकून थंडीत लसीकरणाचे आकडे भरावेत म्हणून नव्हे. कारभारी नावाचा इसम वायर घेऊन आला. त्याने मुख्य डबा माझ्या खोलीत बसवला, पण स्लॅबमधून सिग्नल वर जाईना. तेव्हा जिन्याच्या वळणावर दुसरा डबा लावला. त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. एक्स्चेंजमधल्या आमच्या ट्रंक बोर्डाचाच नातू समज. पासवर्ड म्हणून या गृहस्थाने एक ते आठ आकडे ठेवले आणि वर सांगतो की आक्का, साऱ्या गावाला हाच देऊन राह्यलो, ध्यानात राह्यतो. मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

मग पुस्तिका घेऊन जिन्यात बसले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी छडी मारून शिकवलेलं इंग्रजी असं सत्तराव्या वर्षी कामाला आलं. समोरच्या दुकानाच्या वायफायशी टक्कर होत होती म्हणून चॅनेल बदलला. वायफायला ‘ट्रंक रूम’ असं नाव दिलं. दैवशालेला वापरायचा पासवर्ड दिला. डब्याच्या आतल्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो, तो फक्त माझ्याकडे ठेवला. पलक टॅबवर तासन् तास कार्टून बघते, म्हणून कोणी काय उघडलं याची यादी ठेवायची सोय चालू केली. कोणती उपकरणं, असं यंत्राने विचारलं. मी ‘सगळी’ म्हणून मोकळी झाले.

आता जे लिहिते ते लिहायला लाज वाटते. ट्रंक कॉल जोडला की लाईन लागली का हे कळायला ऑपरेटरला क्षणभर कान द्यावाच लागे. पलीकडून हॅलो आलं की ऐकायची किल्ली मिटायची. त्यापुढचं ऐकणारी बाई आमच्यात चोर समजली जायची, आणि ऐकलेलं बोलणारी चोरापेक्षा वाईट. गुरुवारी मी यादी उघडली ती पलकसाठी. खाली दैवशालेच्या फोनची ओळ होती. पुन्हा लग्न करणाऱ्यांसाठी स्थळं दाखवणारी एक साइट. गुरुवारचं मी लाईन तपासण्यात घालते. पण शुक्रवारी आणि काल मी दार लोटून मुद्दाम पाहिलं. तिन्ही दिवस तीच साइट, अर्धा-अर्धा तास.

तू तिची सासू आहेस, म्हणून तुला सांगते. हे काही खरं कारण नव्हे, पण दुसरं मला सापडत नाही. हे तुझ्यापाशीच ठेव.

पलक तुझी आठवण काढते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मथुराआक्का

*

जालना,
२० जानेवारी २०२५

ती. मथुराआक्कांच्या चरणी मीनाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. तीन वर्षं झाली न्हाईत आक्का. माझ्या आदिनाथचा शर्ट मी अजून धुवायला काढला न्हाई. अन् ती तिथं स्थळं पाहून राह्यली. चूक तिची न्हाई, वय बत्तीस हाये, हे मला कळतं. पण कळणं एकीकडं अन् तो शर्ट एकीकडं.

तुम्ही माझ्यापाशीच ठेव म्हणलं होतं. मी दोन दिवस ठेवलं. तिसऱ्या दिवशी भाकरी करता करता रडू आलं, तर यांनी विचारलं काय झालं. मला खोटं बोलायची आदत न्हाई. सांगून बसले. तुमचं नाव मात्र बिलकुल घेतलं न्हाई. गावात बाया बोलतात एवढंच सांगितलं. आक्का, मला माफ करा.

आज हे म्हणाले, तिला करायचं ते करू दे, पण नात आमची हाये, ती परक्याच्या घरी जाणार न्हाई. रविवारी टेंभुर्णीला येतो म्हणतात. तुम्ही मोठ्या हात, तुमचं ऐकतात. तुम्ही सांभाळून घ्या.

तब्येतीला जपा. वेडीवाकडी असले तरी तुमचीच भावजय हाये, दूर लोटू नका.

आपली,
मीना

*

टेंभुर्णी,
सोमवार, २७ जानेवारी २०२५

चि. सौ. मीना हिला आशीर्वाद. वि. वि.

सांभाळून घ्या म्हणाली होतीस. मी काय सांभाळलं ते ऐक.

रामप्रसाद अकराच्या एसटीने आला. पाणी प्यायला आणि दैवशालेला खाली बोलावलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं. लग्न कर, आमची ना नाही, पण पलक जालन्यालाच वाढेल, असं त्याने एखाद्या दुकानदारासारखं शांतपणे सांगितलं. लग्नाचं कुणी सांगितलं, असं तिने विचारलं. गाव बोलतं, असं तो म्हणाला.

मीना, त्या खोलीत मी दोघांपासून चार हातांवर बसले होते. मांडीवर हरभऱ्याची भाजी निवडायला घेतली होती. मला तोंड उघडायला अख्खं एक मिनिट मिळालं होतं. मी भाजी निवडत राहिले.

दैवशाला विचार करून हळूच म्हणाली की नंदाबाईशिवाय मी कुणालाच बोलले नव्हते. शेजारची नंदाबाई शाळेत खिचडी शिजवते. पलक शाळा सुटली की संध्याकाळपर्यंत तिच्याच ओट्यावर असते, हे तुला माहीत आहे. दैवशाला तशीच उठून गेली आणि ओट्यावरच्या चार बायांसमोर नंदाबाईला म्हणाली की तुमच्या पोटात एक गोष्ट राहत नसेल तर माझी पोरगी उद्यापासून तुमच्याकडे येणार नाही. नंदाबाईने शपथा घेतल्या. मी खिडकीतून पाहिलं. तेव्हाही बाहेर गेले नाही.

जाताना रामप्रसादने पलकला चार दिवसांसाठी म्हणून बरोबर नेलं. शाळा बुडेल, असं तिची आई दोनदा म्हणाली. त्याने ऐकलं नाही, आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कशासाठी हलवली, देव जाणे.

कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात दर रविवारी घरी पत्र लिहावं लागे आणि ते उघडंच द्यावं लागे. मोठ्या सिस्टर वाचून मगच पाकीट चिकटवत. त्या रागाने मी चौदाव्या वर्षी दोन दिवस जेवले नव्हते. त्या निदान सांगून वाचत, मीना. मी चोरून वाचलं.

पलकला दूध गरम लागतं, साय काढून. तुला राग आला असला तरी पत्र टाक.

मथुराआक्का

*

जालना,
३ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कांना मीनाचा शि. सा. न. वि. वि.

चाराचे आठ दिवस झाले. हे इथल्या शाळेत पलकच्या दाखल्याची चौकशी करून आले. पोर रडत न्हाई, ते जास्त बेकार. दाराकडं तोंड करून बसते अन् मोटारसायकल वाजली की आई आली म्हणून उठते. काल तिनं मला विचारलं की आजी, आईनं काय चूक केली. माझी मलाच शरम वाटली. माझ्या लेकाचं दुःख मी त्याच्या लेकीवर काढून राह्यले.

तुमच्याबद्दल मात्र एक सांगते. तुम्ही कुणापाशी कबूल करू नका. दैवशाला तुमच्या घरात राहते, तिचा विश्वास उडाला तर ती कुठं जाईल? नंदाबाई काय, महिन्याभरात विसरून जाईल. मंग सगळं मिटतं. मी यांना हळूहळू समजावते. जल्दी केली तर बिघडतं.

मला समजून घ्या, अन् पत्राला पत्र देत जा.

आपली,
मीना

*

टेंभुर्णी, खालची खोली,
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

चि. दैवशाला हिला आशीर्वाद. वि. वि.

बारा पायऱ्या चढून येऊन सांगता येण्यासारखं हे आहे, पण तुझ्यासमोर उभी राहिले तर मी शब्द मऊ करीन, म्हणून लिहिते.

नंदाबाई कुणाला काही बोलली नाही. मी बोलले. जिन्यातल्या यंत्रात कोणी काय उघडलं त्याची यादी राहते. ती मी पलकसाठी चालू केली आणि तुझ्यासाठी वाचली. तीन दिवस. मग तुझ्या सासूला लिहिलं. तुझे सासरे आले तेव्हा मी समोर होते आणि गप्प राहिले. नंदाबाईवर आळ आला तेव्हाही गप्प राहिले. पलक गेली तेव्हा मान हलवली. एवढं झाल्यावरही दहा दिवस मी तुझ्या हातचा चहा प्यायले.

काळजीपोटी केलं असं लिहिणार होते. खोडलं. खरं लिहिते. मी विधवा झाले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मला पुन्हा लग्नाचं कुणी विचारलं नाही. माझ्या वडिलांनी नोकरी लावून दिली आणि सगळे म्हणाले, बरं झालं, पोर मार्गी लागली. तुझ्या फोनची ती ओळ पाहिली तेव्हा मला आधी काळजी वाटली नाही. हिला कसं काय सुचतं, असं वाटलं. सत्तर वर्षांच्या बाईने पोरीसारख्या सुनेचा हेवा केला. याहून मोठी लाज मला ठाऊक नाही.

यादी पुसली आणि ती सोय बंद केली. माझ्यावर भरवसा ठेवू नकोस, स्वतः बघ. यंत्राच्या आतल्या सेटिंगचा पासवर्ड पाठीमागे लिहिला आहे. तो बदल आणि मला सांगू नकोस.

रामप्रसादलाही आज स्पीड पोस्टने पत्र टाकलं. पलक तिच्या आईची आहे, शनिवारपर्यंत ती परत आली नाही तर मी जालन्याला जाऊन त्याच्या गल्लीत ओट्यावर बसेन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कारण सांगेन, असं लिहिलं आहे. तो मला ओळखतो. नंदाबाईकडे मी संध्याकाळी जाते. त्याच चार बाया असतील तेव्हाच जाईन.

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

मथुरा

*

टेंभुर्णी, वरची खोली,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाईंना दैवशालेचा नमस्कार. वि. वि.

पाच दिवस तुमच्याशी बोलले नाही, आणि अजून काही दिवस बोलता येईल असं वाटत नाही. म्हणून मीही लिहूनच देते.

शनिवारी तुम्ही देवळात होता तेव्हा जालन्याहून आई पलकला घेऊन आल्या. एकट्या, एसटीने. मामंजींना विचारून आल्या की न विचारता, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आदिनाथचा एक शर्ट माझ्या हातात दिला, म्हणाल्या की आता हा तू धुऊन ठेव. पाणीसुद्धा न घेता परत गेल्या. मामंजींचा अजून फोन नाही. ते पुन्हा येतील. या वेळी तुम्ही भाजी निवडत बसायचं नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवते.

नंदाबाईंसमोर तुम्ही जे बोललात ते मला चार तोंडांनी चार प्रकारे कळलं. त्यांनी तुम्हाला काय ऐकवलं तेही कळलं. आक्का, तुमच्या इंग्रजी शाळेपेक्षा आमची खिचडीची चूल बरी, तिथं झाकण तरी असतं, असं म्हणाल्या म्हणे. मलाही त्यांनी सोडलं नाही. पलकला त्या घेतात, जवळ बसवतात, पण मला बस म्हणत नाहीत. तुमच्यामुळे माझ्या हातून एका भल्या बाईचा अपमान झाला. तुमची लाज तुम्ही लिहून हलकी केली. माझी अजून ओट्यावर तशीच पडली आहे, तिचं मी काय करू?

पासवर्ड बदलला. यादी बंद आहे हे पाहिलं. तुमचा फोन वायफायवरून काढून टाकावा असं एकदा मनात आलं, पण काढला नाही.

आता कामाचं. त्या साइटवर मी तीन दिवस फक्त वाचत होते. माझ्यासारख्या किती जणी आहेत ते बघत होते. एवढं झाल्यावर मात्र मीच एका ठिकाणी निरोप टाकला. केदारखेड्याचे शिक्षक आहेत, बायको बाळंतपणात गेली, मुलगा पाच वर्षांचा. पलक माझ्याबरोबरच राहील हे मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. त्यांनी उत्तरात पलकला काय आवडतं ते विचारलं आहे. पुढच्या रविवारी त्यांच्या घरी जायचं ठरलंय.

माहेरचं कुणी नाही. एकटी गेले तर सासरने टाकलेली समजतील, आणि पलकचा विषय निघाला तर माझ्या बाजूने बोलायला कुणी नसेल. सासरचं एक वडीलधारं माणूस बरोबर हवं. नऊची एसटी आहे, साडेआठला खाली येईन. पांढरं पातळ नेसू नका, ते निळं नेसा. तुम्हाला माफ केलं म्हणून बोलावते असं बिलकुल न्हाई. दुसरं कुणी न्हाई, म्हणून बोलावते.

आलात तर तिथे माझ्याविषयी जे विचारतील त्याचं उत्तर मी देईन. फक्त पलक कुणाची, असं कुणी विचारलं तर तुम्ही बोलायचं. त्या दिवशी बोलायचं राहिलं होतं, तेवढंच.

येणार की नाही ते जिन्यात चिठ्ठी ठेवून कळवा.

दैवशाला