सखूची जांभळी साडी

मंगळवार, संध्याकाळ. सायखेडा

नाय, डोळे गेले म्हणून गोधडी थांबली नाय. डोळे चांगले हायेत माझे.

कळवणहून धाकट्या बहिणीचं, सखूचं, गाठोडं आलं. जुन्या साड्या मीच मागितल्या होत्या. सोडलं तर काय रंग. पोपटी, शेंदरी, हळदी, आणि ती जांभळी. कोणाशेजारी कोण शोभतंय ते ओटाभर मांडत बसले. लय बरं वाटलं.

मग जांभळीची घडी मोडली. कोरी. एकदाही नेसलेली नाय. गोधडीला विरलेलं लुगडं लागतं, एवढं सखूला कळत नाय?

फोन लावला. "अगं, मग तू नेसणार काय?"

"हायेत की दोन. तुला रंगाचं येड ना आक्का, कर मजा. फक्त थंडीच्या आत शिव."

"तू तपासायला गेलेलीस, त्या नाशिकच्या डॉक्टरनं काय सांगितलं?"

"चहा उतू चाललाय गं," म्हणाली नि ठेवला. सखू चहा पीतच नाय.

सून म्हणाली, "आत्या, मी कापू का जांभळी?"

कात्री पेटीत टाकून कुलूप लावलं. साडीची घडी होती तशी घातली. नेसायची तर सखूनं येऊन न्यावी. याबद्दल यापुढं मी एक अक्षर लिहायची नाय.