फॉर्मवरचा आकडा

माकोंगेनी, क्वाले
१० जून २०१९

प्रिय फाउस्तिनो,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर तुझं नोकरीतलंच नाव घातलं आहे, काळजी करू नकोस. आत मात्र मला सालिम लिहिता आलं नाही.

इकडे ठीक आहे. मका गुडघ्याएवढा झाला. मागच्या खोलीचा पत्रा गळत होता, तो बदलून घेतला.

बाबांच्या मातीला तू आलास, बरं वाटलं. शेजाऱ्यांच्या चटईवर बसलास, शेजाऱ्यांच्या रांगेतून मूठभर माती टाकलीस आणि चहा घेऊन निघालास. बायका म्हणत होत्या, "म्वाचिरोचा मुलगा बघा, मोंबासाहून धावत आला. याला म्हणतात शेजार!" म्वाचिरोकाका खाली मान घालून बसले होते. "हा माझाच मुलगा" असं सांगून त्यांनी तुला आपलं नाव दिलं, म्हणून तुला ओळखपत्र मिळालं. नाहीतर आपण माकोंडे, सीमेपलीकडून मजुरीला आलेल्यांची पोरं, इथं जन्मूनही कुणाच्या मोजणीत नव्हतो. त्यांच्यावर माझा राग नाही. तुझ्यावरही नाही.

जे लिहायचं आहे ते मी आठ दिवस टाळते आहे. आजही आधी दुसरंच सांगते.

सरकारनं शेवटी आपल्या लोकांना ओळखपत्राची कार्डं द्यायची ठरवली, तेव्हा बाबा ठसा द्यायला गेले, त्या दिवसाची गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. आधी घायपात कापून आणि मग लाकूड कोरून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसूनच गेल्या होत्या. ठसा उठेना. कारकून म्हणाला, "म्हातारबा, बोटं कुठं ठेवून आलात?" बाबा म्हणाले, "तुमच्या देशाच्या दोरखंडात वळली गेली, साहेब. शोधा." सगळी रांग हसली. चौथ्या वेळी ठसा उठला.

मतदानाच्या दिवशी डाव्या करंगळीला शाई लावून आले, तेव्हा तो हात अंगापासून लांब धरून चालत होते, जणू ओला रंग आहे. पण मला जास्त आठवतो तो चर. पाण्याच्या नळासाठी तो खणायला गावच्या चीफसाहेबांनी घरटी एक माणूस बोलावला होता. मी निघाले, तर बाबांनी माझ्या हातून फावडं घेतलं. म्वाचिरोकाका म्हणाले, "मातियास, सत्तरी उलटली. घरी बस की."

"पाहुण्याला स्टूल देतात, घरच्याला फावडं," बाबा म्हणाले. "मी जन्मभर स्टुलावर बसलो. सरक तिकडं."

पुढच्या सभेत उठून त्यांनी विचारलं, वरच्या आळीला पाणी का येत नाही? चीफ म्हणाले, "कार्ड आल्यापासून तुम्ही फार बोलायला लागलात हं."

"साठलंय ना. थोडं थोडं काढतो."

पाणी आलं. मातीनंतर तू हात धुतलेस तो नळ त्यातलाच.

आता तो फॉर्म. कार्डाच्या अर्जाचा. बाबांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी भरत होते. 'मुलं किती' हा रकाना आला. बाबा मोठ्यानं म्हणाले, "दोन. रोझालिया आणि फाउस्तिनो." बाजूच्या लोकांनाही ऐकू गेलं असेल. माझा हात थांबला. तुझं नाव घातलं तर कुणीतरी विचारणार, हा फाउस्तिनो कुठं आहे, त्याचा अर्ज का नाही. मग तुझी नोकरी, तुझं सगळंच. मी 'एक' लिहिलं.

बाबांनी विचारलं, "लिहिलंस?"

मी म्हटलं, "लिहिलं."

त्यांनी अंगठा लावला.

नंतर तू नाताळाला आला नाहीस, की मी चिडायचे. ते म्हणायचे, "असू दे. कागदावर तरी तो घरी आहे." दोन वर्षं मी हे ऐकलं आणि पुढ्यात भात वाढत राहिले. बाबांनी सरकारला आयुष्यात एकदाच काही लिहून दिलं, तेही मी खोटं करून ठेवलं. आणि हे त्यांना न कळताच ते गेले.

मृत्यूची नोंद करताना कार्ड परत द्यावं लागलं. दिलं. आता घराच्या जागेसाठी चीफ वारसांची यादी करत आहेत. म्हणाले, "फॉर्मवर एकच मूल आहे. तेवढंच ना?" मी म्हटलं, शुक्रवारी सांगते.

येत्या नाही, एकवीस तारखेच्या शुक्रवारी मी जाणार आहे. आकडा चुकीचा आहे, तो बाबांनी सांगितला नव्हता, मी लिहिला, एवढं सांगणार. त्याची जी शिक्षा असेल ती असो. मलाही त्यांच्याबरोबरच कार्ड मिळालं आहे, मीही आता घरचीच. तुझं नाव विचारलं तर सांगणार नाही. गप्प बसण्याची मला सवय आहे. ते नाव सांगायचं तर तूच सांगायचं. आपण होऊन येणाऱ्याला सरकार सांभाळून घेतं, असं म्हणतात. खरं की नाही, मला माहीत नाही. तुझ्या दोन मुली आहेत, हे मी विसरलेले नाही.

नाही आलास तरी नाताळाला भात तुझ्यामाझ्या दोघांचाच शिजेल, आणि मी काही विचारणार नाही.

कचेरी नऊला उघडते. मी आठपासून बाहेरच्या बाकावर असेन.

बाबांच्या फॉर्मवर एकटी असलेली
तुझी ताई,
रोझालिया मातियास नांदेंगा