आईला खोलीबाहेर पाठवलं

तीर्थरूप बाबा,
लखनौहून अबोलीचा वाकून नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. क्लाउड कंप्युटिंगच्या सर्टिफिकेटची परीक्षा मी पास झाले! ह्यांची एअर फोर्समधली बदली आता कुठेही होवो, हे सर्टिफिकेट सोबत येईल.

एक मुलाखतही झाली. सर्टिफिकेटचं कौतुक केलं, मग विचारलं, सहा वर्षं घरी का होतात? कळवतो म्हणालेत. कळवतील. तुम्ही काळजी करू नका.

गुडघा कसा आहे? डबेवाल्या काकू भाजीत तिखट कमी घालतात ना?

परीक्षा घरूनच दिली. खोलीत दुसरं कोणी चालत नाही, कॅमेऱ्यातून बघत असतात. माझ्यामागे भिंतीवर आईचा फोटो होता. बघणाऱ्याने विचारलं, "मैडम, पीछे कौन हैं?"

"माँ हैं," मी म्हटलं.

"उन्हें बाहर भेज दीजिए."

फोटोचा हार त्याला दिसला नसावा. मीही सांगत बसले नाही. फोटो उतरवून स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला. नंतर अनुष्का मला विचारते, "आजी को किचन में क्यों रखा?"

माझा अभ्यास असला की आई आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसायची, दार लोटून. कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही. आणि निकाल लागला की मी आधी तिकडेच धावायचे.

स्क्रीनवर 'पास' दिसलं, तेव्हाही तिकडेच धावले, बाबा.

तब्येतीला जपा.

तुमची,
अबोली