ग्रिन्दाविकचा दगड

अण्णा,

या हातांनी आजवर काय काय केलं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला बरं पडेल. साताऱ्यात असताना दुकानांच्या पाट्या. किती ते मोजलं नाही, पण त्यात एक दवाखाना, दोन पतसंस्था आणि एका सलूनच्या आरशावरचा सगळा मजकूर होता. लेकीसाठी शिवणीच्या लाकडाचा पाळणा. त्याचा एक पाय सूतभर आखूड झाला होता, ते मी रात्रभर मनाला लावून घेऊन सकाळी चारही पाय पुन्हा तासले. इथं हॅनोव्हरला आल्यावर अख्खं स्वयंपाकघर, कारण इथं भाड्याचं घर नुसत्या भिंती आणि नळाच्या तोट्यांसकट मिळतं, ओटासुद्धा आपला आपण आणायचा. आमचा ओटा बीच नावाच्या इथल्या झाडाच्या लाकडाचा आहे आणि तुमच्या सुनेच्या कोपराच्या मापानं केलेला आहे, म्हणून तिची पाठ दुखत नाही. एक देव्हारा. बाल्कनीत पाखरांसाठी एक घर. आणि आइसलँड.

आइसलँड हे उत्तरेकडचं एक बेट. देश आहे तो. आकारानं आपल्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, आणि त्यात राहणारी सगळी माणसं एकत्र आणली तरी सांगली-मिरज भरायची नाही. त्यातली निम्म्याहून जास्त राजधानीत आणि तिच्या आसपास. उरलेल्या एवढ्या मोठ्या मुलखात थोडी थोडी माणसं, आणि तरी सगळ्या देशात मिळून साठाच्या वर नगरपालिका, आपल्याकडे ग्रामपंचायती असतात तशा. एकीत पन्नासच्या आसपास लोक आहेत. पन्नास लोकांचा कारभार, त्यांची हद्द, त्यांचं नाव. मी या प्रत्येकीचा लाकडाचा एक तुकडा कापला आहे, हद्दीवरून हद्द, आणि ते सगळे एका चौकटीत असे बसतात की मध्ये पोस्टकार्डाची कडा शिरत नाही. एक सेंटिमीटर म्हणजे साडेतीन किलोमीटर. राजधानीला चिकटलेली एक नगरपालिका या मापानं ज्वारीच्या दाण्याएवढी येते. ती मी तीनदा कापली. दोनदा ती फुंकरीनं उडून गेली.

लाकूड कापायचं ते घराखालच्या तळघरात, इथल्या भाषेत केलरमध्ये. रविवारी आणि दुपारी एक ते तीन आवाज करायचा नाही असा इमारतीचा नियम आहे, आणि मला मोकळा वेळ मिळतो तो रविवारीच. म्हणून यंत्र नाही, सगळं हातकरवतीनं. सात वर्षं लागली. लागू देत.

तुम्हाला बघायला आवडलं असतं ते पुढचं आहे. प्रत्येक तुकड्यावर मी मैलाचा एक दगड उभा केला आहे, दोन सेंटिमीटर उंचीचा; ज्वारीच्या दाण्याचा तेवढा शेजारच्या समुद्रात. अंग पांढरं, डोकं हिरवं, राज्य महामार्गावर तुम्ही रंगवायचात तसंच. एका बाजूला त्यांच्या लिपीत नाव, दुसऱ्या बाजूला आपल्या, आणि खाली राजधानीपासूनचे किलोमीटर. आकुरेरी ३८८. मोठ्या बेटाशेजारच्या छोट्या बेटांना रस्ताच जात नाही, म्हणून त्यांच्या दगडावर आकडा नाही. खोटा आकडा घातला नाही. नावांचे उच्चार मी तिथल्या माणसांच्या तोंडून ऐकून ऐकून लिहिले आहेत. आणि रागावणार असाल तर रागवा, पण एवढी बारीक अक्षरं काढायला तुमच्या खारीच्या केसांच्या ब्रशाचे केस मी कापले. आता नऊ उरले आहेत.

तो ब्रश, मी पाट्यांचं दुकान उघडलं त्या दिवशी, तुम्ही दिलात. दाराशी सायकल लावलीत, पिशवीतून काढलात आणि म्हणालात, “घे. केस झडाय लागल्यात, माझ्या कामाचा न्हाय.” एवढंच. आत येऊन पाटी बघितली नाहीत. आतमध्ये चहा उकळत होता, तो मी आणि शेजारचा शिंपी प्यालो. पुढं महिनाभर तुम्ही बोटानं पुसून पुसून जुन्या ब्रशानं काम केलंत, हे आईनं तुम्ही गेल्यावर सांगितलं.

हे स्पष्ट लिहून ठेवायचं आहे मला, अण्णा. तुम्ही मला शिकवलं नाहीत. बांधकाम खात्यात पेंटर म्हणून तीस वर्षं काढलीत, जिल्ह्यातल्या निम्म्या दगडांवर तुमचं अक्षर होतं, आणि मी जवळ आलो की म्हणायचात, “लांब हो. तुला खुर्चीत बसायचंय.” मी बारावीला नापास झालो तरी तुमची ती खुर्ची काही हलली नाही. मग मी चोरून शिकलो. तुमच्या पाठीमागं उभं राहून. नाव दगडाच्या मधोमध यावं म्हणून तुम्ही मधलं अक्षर आधी काढता आणि मग दोन्हीकडं जाता, हे मला कुणी सांगितलं नाही, मी पाहिलं. आकड्यातला आठ तुम्ही खालून वर चढवत होतात, तेही पाहिलं. गेल्या बावीस वर्षांत, म्हणजे तुम्ही गेल्यापासून, मी जे केलं त्यावर कुणाचाही हात नाही.

इथं हीच गोष्ट उलटी झाली आहे. तुमच्या सुनेला इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही आलो, आणि मी पाट्या करणाऱ्या एका कारखान्यात लागलो. पण कागद नाही. या देशात तीन वर्षं रीतसर शिकून परीक्षा दिल्याशिवाय हात हा हात नसतो. अकरा वर्षं झाली, पगारपत्रकावर अजून ‘मदतनीस’ आहे. ज्याच्याकडे कागद आहे तो मायस्टर, म्हणजे मुख्य कारागीर, अक्षरांमधलं अंतर चुकवतो आणि मी ते तो जेवायला गेल्यावर सरकवतो. एकदा त्यानं पकडलं. पट्टी लावून अंतर मोजलं. म्हणाला, “आल्झो, बरं, हे कुठं शिकलास?”

“रस्त्यावर,” मी म्हटलं.

“त्याचा कागद देतात?”

“नाही. दगड देतात.”

तो हसला. मदतनीस मात्र मदतनीसच राहिला. ही बोच मी तुम्हाला सांगतो आहे, दुसऱ्या कुणाला नाही, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही.

आइसलँड का, असं सगळे विचारतात. लेकीची शाळा संपली तेव्हा आम्ही तिघं तिथं आठ दिवस गेलो होतो. त्या दोघी धबधबे बघत होत्या. मी गाडीतून पाट्या बघत होतो. मैलोन्‌मैल काही नाही, नुसती काळी जमीन आणि शेवाळ, आणि मध्येच रस्त्याला एक फाटा फुटतो, तिथं नीट रंगवलेली पाटी. त्या फाट्याच्या टोकाला एकच घर. एका घराचं नाव, सरकारी रस्त्यावर, सरकारी अक्षरात. मी गाडी थांबवायला लावली. बायको म्हणाली, “अहो, इथं काय आहे?” मी म्हटलं, “पाटी आहे.” लेक मागून म्हणाली, “ओ गॉट, पापा.” मी उतरून अक्षरांची उंची वितीनं मोजली.

या वसंतात आमच्या वस्तीच्या सभागृहात हौशी कारागिरांचं प्रदर्शन होतं, तिथं मी नकाशा लावला. पंधरा दिवसांनी एक बाई आणि एक तरुण मुलगा केलरमध्ये आले. लोकांना आइसलँडच्या सहलीला नेणाऱ्या एका कंपनीची माणसं. बाईंनी खाली बसून एकेक दगड वाचला. आपल्या लिपीची बाजू त्यांना फार आवडली. त्यांच्या कचेरीच्या दर्शनी भिंतीवर नकाशा लावायचा, खाली पितळी पाटी, आणि तिच्यावर माझं नाव. माझं नाव, अण्णा, आणि त्याखाली ‘मदतनीस’ नाही.

मग त्यांनी ग्रिन्दाविकवर बोट ठेवलं.

ग्रिन्दाविक हे समुद्रकाठचं मासेमारीचं गाव, राजधानीपासून पन्नास किलोमीटर. माझ्या नकाशात दोन काडेपेट्या शेजारी ठेवल्या तर होतील एवढं. तिथं काही वर्षांपूर्वी जमीन फाटली, रस्त्यांना भेगा पडल्या आणि लाव्हा गावापर्यंत आला. त्याआधीच सगळी माणसं बाहेर काढली होती. बहुतेक परत आलेली नाहीत. नगरपालिका मात्र आहे. नाव आहे.

“हे तेवढं काढून टाकू,” बाई म्हणाल्या. “शेजारच्या तुकड्यात मिळवून टाका. लोक तिकीट काढायला येतात, हे नाव वाचलं की विचारात पडतात.”

“तिथं गाव आहे,” मी म्हटलं.

“होतं. आता कोण राहतं तिथं?”

“गेनाऊ, बरोबर,” मुलगा म्हणाला, “आणि एवढासा तर तुकडा आहे.”

मी त्यांना सांगितलं की दोन गावं मी याआधी जोडलेली आहेत. पूर्वेकडच्या एका बंदराच्या गावानं शेजारच्या गावाबरोबर एक व्हायचं ठरवलं, लोकांनी मतं दिली, तेव्हा मी त्यांचे तुकडे सरसानं चिकटवले. दगड तरीही ठेवला, आणि सांधा दिसेल असा ठेवला. ते त्यांनी ठरवलं होतं. हे कुणी ठरवलं? बाईंनी नम्रपणे घड्याळ पाहिलं. म्हणाल्या, सोमवारपर्यंत कळवा. जाताना किंमत एका कागदावर लिहून करवतीशेजारी ठेवली.

घरी तुमच्या सुनेनं तो कागद दोनदा वाचला. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “एक दगड आहे हो. तिथलं कुणी येऊन बघणार आहे का?” तिचं चुकत नव्हतं. इतकी वर्षं ती माझ्या लाकडाचा भुसा झाडते आहे आणि माझं नाव कुठंतरी लागावं असं माझ्यापेक्षा तिला जास्त वाटतं. लेक जेवता जेवता फोनमध्येच बघत म्हणाली, “दान एबन निष्ट.” मग नाही तर नाही. तिची आई तिच्यावर डाफरली, आणि मी पुढची पोळी वाढून घेतली.

पण तुमच्या सुनेचा तो प्रश्न मी आधी ऐकला होता, अण्णा. मीच विचारला होता, तुम्हाला.

मी एकोणीस वर्षांचा आहे. दिवाळी होऊन गेली आहे, हवा कोरडी, रंग धरण्याजोगी. तुमचा मदतीचा माणूस आजारी, म्हणून नाइलाजानं तुम्ही मला बरोबर घेतलं आहे, डबे उचलायला. धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याचं काम आहे. त्या रस्त्याच्या टोकाचं गाव पाण्याखाली जाऊन चार वर्षं झालेली आहेत, माणसं तीन तालुक्यांत विखुरली आहेत. ओव्हरसीयर मोटरसायकलवरून येतो. “पेंटर, पुढचे दगड सोडा. गाव कुठाय आता? पांढरा मारा नुसता.”

तुम्ही ब्रश डब्याच्या काठावर निपटता. “साहेब, रस्ता तिकडंच जातोय की.”

“पाण्यात जातोय.”

“मग पाण्यापत्तुर किती ऱ्हायलं, ते लिवाय नको?”

तो हात झटकून निघून जातो. मी हसतो. म्हणतो, “अण्णा, बुडालेल्या गावाला कोण बघायला येणार आहे?” तुम्ही माझ्याकडं बघता. मारत नाही. “ज्यांचं बुडलं ते,” एवढं म्हणता. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्या हातात काळ्या रंगाचा डबा देता. “शेवटचा दगड तू लिव. नाव आन्‌ आकडा एक. मी हिकडचं उरकतो.” मी डबा घेऊन जातो.

तुम्ही मला शिकवलं नाहीत असं वर लिहिलं आहे, ते खोडत नाही. तुम्ही एकदा डबा दिलात, ते शिकवणं नव्हे. आणि ग्रिन्दाविकच्या बाबतीत मी जे केलं ते तुमच्यासाठी केलं असंही समजू नका. मी ते काम केलं आहे, त्याची हद्द मी पाहून कापली आहे, आणि माझ्या हातनं ती पुसली जाणार नाही. कुणी कितीही मोठ्या भिंतीवर लावलं तरी.

हे पत्र कुठं पाठवायचं याचा प्रश्नच नाही. माझे तुकडे चौकटीला चिकटवलेले नसतात, उचलता येतात. याची आठपदरी घडी करून ग्रिन्दाविकच्या खाली ठेवतो आहे. त्यानं तो तुकडा शेजाऱ्यांपेक्षा दीड मिलिमीटर वर येईल, मला दर वेळी खुपेल. खुपू दे.

एकच राहिलं. त्या शेवटच्या दगडावर मी नाव घातलं नव्हतं. करंजाच्या झाडाखाली तासभर बसलो, पाण्याकडं बघितलं, आणि डबा तसाच परत आणला. तुम्ही विचारलंत, “झालं?” मी म्हटलं, “झालं.” तुम्ही माझा हात हातात घेतलात आणि नखं बघितलीत. काळा रंग कुठंच नव्हता. “जेव,” म्हणालात, आणि भाकरी माझ्याकडं सरकवलीत. दुसऱ्या दिवशी पहाटे सायकल घरात नव्हती, आणि काळ्या रंगाचा डबाही.

सोमवारी त्या बाईंना दोन ओळी लिहिल्या. ग्रिन्दाविकसकट हवा असेल तर न्या, नाहीतर राहू द्या. त्यांनी आभार मानले आणि नको म्हणाल्या. करवतीशेजारचा कागद अजून तिथंच आहे: दर्शनी भिंत, पितळी पाटीवर माझं पूर्ण नाव, आणि सतरा हजार पाचशे युरो.