मोगऱ्याची बाग रूपेशच्या नावे

ओहोळाकाठचा दगडी बांध. बांधाआडची दहा गुंठ्यांतली मोगऱ्याची बाग, तिचे प्रत्येक रोप मी स्वतः फांदीपासून तयार केलेले. कळ्या निथळत ठेवायच्या बांबूच्या चाळण्या. कुडाची पॅकिंगची खोली. घराचा ओटा. छाटणीच्या कात्रीची मूठ, कारण विकतची मूठ हाताला लागते. एवढे मी माझ्या हाताने केले. शिकवायला कुणी नव्हते.

मी, हेमंत लहान्या भोये, वय त्रेपन्न, धंदा शेती, राहणार साखरशेत, तालुका जव्हार, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात नाशिकला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरायचे कारण नाही. मी घाबरलेलो नाही. पण छाटणीला लागण्यापूर्वी हत्यार धुऊन पुसून ठेवायची माझी सवय आहे.

कलम १. राहते घर व ओटा माझी पत्नी प्रमिला हिचा. "एकट्या बाईला एवढं घर कशाला," असे तिला कुणी म्हणू नये. माझी आतेबहीण तानी हे म्हणणार आहे, म्हणून लिहून ठेवतो.

कलम २. बँकेतील ठेव मुलगी रविना हिच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी. माझ्या दिवसकार्यावर त्यातले काही खर्चू नये. रविनाला मोगऱ्याचा वास सहन होत नाही. लहानपणी तिला अंधारात उठवून कळ्या खुडायला नेत असे, त्याचा हा परिणाम. तिला बागेत वाटा देऊन आणखी त्रास देणार नाही.

कलम ३. फवारणीचा पंप शेजारी कमलेश याला. त्याने एकदा त्यातून तणनाशक मारले आणि न धुता परत केला, त्यात माझी मोगऱ्याची एक ओळ जळाली. तरी देतो, कारण पंप असतो त्याच्याकडेच.

कलम ४. मोगऱ्याची बाग, बांध, पॅकिंगची खोली व सर्व हत्यारे माझा धाकटा भाऊ रूपेश लहान्या भोये याची. तो सध्या वसईला बांधकामावर मजुरी करतो. याचे कारण लिहिणे भाग आहे.

आठ वर्षांपूर्वी रूपेश माझ्याकडे पॅकिंग करीत होता. कळी टपोरी पण मिटलेली खुडायची, बोरिक पावडरच्या हलक्या पाण्यातून काढायची, सावलीत निथळवायची आणि बर्फावर कागद घालून खोक्यात थर द्यायचे, ही माझी रीत. अशी कळी दादरला पोचून दुसऱ्या दिवशीही पांढरी राहत असे. त्या वैशाखात मात्र लागोपाठ तीन खोकी तपकिरी पडून पोचली. आडत्याचा फोन आला. मी खुडणीच्या बायांसमोर, रूपेशची बायको कविता उभी असताना, त्याला म्हणालो, "तुझ्या हातातच उष्णता आहे. फूल तुला सोसत नाही. तू वीटभट्टीवरच बरा."

तो म्हणाला, "दादा, माझा हात लागून कली काली पडतं, तं मग माझे पोराला कसा हात लावू?"

मी म्हणालो, जास्त बोलू नकोस. त्या दिवाळीनंतर तो वसईला गेला.

आमच्याकडे नाचणीच्या रोपांसाठी राब भाजतात. वकिलांसाठी लिहितो: वाळका पाला, फांद्या आणि शेण पसरून रोपांची जागा जाळायची. आमचा राब वडिलांपासून खोलीच्या पश्चिमेला आहे, आणि वैशाखात वारा पश्चिमेचा. दोन वर्षांपूर्वी सगळी खोकी मी एकट्याने भरली. राब भाजला त्या दिवसांची खोकी तपकिरी पडली. हात माझेच होते. गेल्या वर्षी राब खालच्या शेतात भाजला, एकही कळी बिघडली नाही. धुराने कळी म्हातारी होते. खोलीत बसून मी स्वतः खोकत होतो, तरी हे माझ्या ध्यानात आले नाही.

ते कळल्यावर मी रूपेशला फोन केला. त्याने विचारले, "दादा, बाग कशी हाय?" मी म्हणालो, "बरी आहे." राबाचे न सांगताच फोन ठेवला.

बागेबाबत सूचना: पावसाळा संपल्यावर पाणी तोडून झाडांना ताण द्यावा, पाने सुकू लागली की छाटावे, मगच शेणखत व पाणी. घाई केल्यास पाला वाढतो, कळी येत नाही. राब खोलीजवळ कधीही भाजू नये.

हे कलम ओट्यावर, कविता व खुडणीच्या बायांसमोर, मोठ्याने वाचावे. त्या दिवशी मीही आवाज खाली ठेवला नव्हता.

ठिकाण: जव्हार. दिनांक: २ जून २०२५.
सही: हेमंत लहान्या भोये
साक्षीदार: १. येसू महादू दिघे, निवृत्त एसटी वाहक, जव्हार (सही). २. गौरा काळू वाघ, खुडणी मजूर, साखरशेत (अंगठा).

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर. सही व अंगठा समासात पुन्हा घेतले आहेत.

रूपेशला मी बोललो त्या दिवशी गौरा खुडणीला होती. अंगठा उठवताना ती म्हणाली, "हेमंतदादा, ह्यो कागद तू मरायचे आधी वाचला तं नाय चालं का?" येसूभाऊ हसले. मला हसू आले नाही. म्हणून याची एक प्रत आजच वसईला पाठवत आहे, आणि जे कलम चारमध्ये लिहायचे टाळले ते इथे लिहितो.

वसईला जाण्यापूर्वी रूपेश ओट्यावर आला होता. कविताचे चांदीचे कडे मोडून आणि बैलजोडी विकून आणलेले पैसे त्याने रुमालात बांधले होते. म्हणाला, "निम्मी भागी दे. ही पॅकिंगची खोली मोडू, ओहोलाचे पलीकडं उंबराखाली नवी बांधू. तिकडं थंड हाय, धूर नाय." मी रुमालाची गाठ न सोडताच तो परत केला. आत किती होते ते कविताने नंतर प्रमिलाला सांगितले. रुपये बेचाळीस हजार फक्त.