उगवतीकडचा वाटा

मु. पो. कडा, ता. आष्टी
रविवार, १४ डिसेंबर २०२५

शहादेवराव यांना आश्रुबाचा मनापासून रामराम.

पत्र हातात पडल्यावर आधी खाली बसा, घोटभर पाणी प्या आणि मगच पुढे वाचा (काळजीचं काही नाही, तुमचं बीपी आहे म्हणून म्हणतो). मामींच्या डोळ्याची पट्टी निघाली का? ऑपरेशनच्या डोळ्याने त्या पुन्हा चुलीपुढे बसत असतील तर जावयाचं नाव सांगून आपल्या आईला उठवा. सुरेखावहिनींच्या खांद्याची कळ थांबली का? कापूस वेचून झाला असेल तर आता तरी त्यांच्या हाताला विसावा द्या. म्हशीला दिवाळीत ताप होता, ती कडबा खायला लागली का? चि. भागवतची कॉलेजची परीक्षा कशी गेली? आणि त्याचा तो निळा पेनड्राइव्ह, भाऊबीजेला आला तेव्हा खिशात होता तो, सुखरूप आहे ना? (सहज आठवला.)

इकडे माझी साखर ताब्यात आहे. तुमच्या अक्काची प्रकृती उत्तम, फक्त अकरा दिवसांपासून आवाज बसला आहे. तोही माझ्यापुरताच. दूधवाला, शेजारचा तानाजी, संध्याकाळचा तुमचा फोन, यांच्याशी बोलताना तो खणखणीत असतो. घरात फोन एकच आणि तो तिच्या कमरेला, म्हणून हे पत्र. कशाने बसला, ते सांगायचं म्हणजे कॉम्प्युटरपासून सुरुवात करावी लागेल, आणि ती मी आनंदाने करतो.

आमचा कॉम्प्युटर तुम्ही पाहिलेला आहे. कारखान्यातून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झालो तेव्हा आष्टीतलं एक नेट कॅफे बंद होत होतं, तिथून तो आणला. पहिल्या सात-आठ महिन्यांत तो मी चार वेळा खोलला आणि पाच वेळा जोडला (एकदा जोडलेलाच जोडला). शिकवणारं कुणी नव्हतं, पण वीस-वीस हॉर्सपॉवरच्या मोटारी ज्याने उघडल्या त्याला हा डबा काय घाबरवणार? माझं शिक्षण स्वयंपाकघरातून झालं म्हणा ना. रॅम म्हणजे परात. परात लहान असली तरी भाकरी होते, फक्त पीठ थोडं थोडं घ्यावं लागतं. डिस्क म्हणजे कणगी, धान्य तिथं राहतं. प्रोसेसर म्हणजे थापणारी. लोक दुकानात जाऊन थापणारीचीच तारीफ ऐकतात आणि परात लहान आणतात, मग म्हणतात मशीन स्लो आहे. माझं पक्कं मत आहे की जुन्या मशीनला आधी परात मोठी करावी, मग कणगी बदलून ती नवी, न फिरणारी डिस्क बसवावी, आणि मग दहा वर्षं त्याच्याकडे बघू नये. हल्ली खेळणाऱ्यांच्या मशीनला आतून लाल-हिरवे दिवे लावतात. आष्टीतल्या दुकानात एक बघितलं, वरात निघाल्यासारखं चमकत होतं. मी विचारलं, दिव्यांनी वेग वाढतो का? पोरगा म्हणाला, “बाबा, फील येतो.” फील येत असेल, पण आमच्याकडे लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर तो फील किती मिनिटं टिकणार?

आता तुमच्या अक्काचा खेळ. चार वर्षांपूर्वी आमची नात आरोही सुट्टीत पुण्याहून आली आणि तिने आजीला शेतीचा एक खेळ लावून दिला. पडद्यावर एक पडीक रान मिळतं, ते आपण वहितीला आणायचं. मला वाटलं, जिने चाळीस वर्षं खरं रान निंदलं ती असलं चित्रातलं कशाला बघेल? पण गुडघे गेल्यापासून तिला बांधापर्यंत चालवत नाही, हे मी विसरलो होतो. तीन दिवसांत तिने विहीर खोदली. (खऱ्या विहिरीला आम्हाला अकरा वर्षं लागली.) बाकीचे लोक हा खेळ झटपट श्रीमंत व्हायला खेळतात म्हणे. ही भिंतीवरचं कॅलेंडर बघून खेळते. अमावास्येला नांगर धरत नाही. पोळ्याला बैल जुंपत नाही. खेळात सोनेरी केसांचा एक शेजारी आहे, तो दर आठवड्याला काहीतरी मागायलाच येतो, त्याचं नाव तिने तानाजी ठेवलं आहे. आणि बैल म्हातारा झाला की खेळ स्वतःहून विचारतो, विकायचा का? खाली हो आणि नाही, अशी दोन बटणं. हिने चार वर्षांत सत्तर वेळा तरी नाही दाबलं असेल. त्या बैलाचं नाव हौश्या.

खरा हौश्या तुम्हाला आठवतो. उजव्या शिंगाला किंचित बाक होता. त्याच्याकडे मी पुन्हा येतो, आधी विंडोजचं सांगतो.

ऑक्टोबरात विंडोज दहाची देखभाल संपली, आणि अकरा नंबरने आमच्या मशीनला बघून सांगितलं की तुझं वय बसत नाही. मशीन चांगलं चाललंय, पंखा फिरतोय, एक स्क्रू ढिला नाही, पण वय बसत नाही! शहादेवराव, मला हे लागलं. अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर कारखान्याने मलाही श्रीफळ दिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझे हात आदल्या दिवसाइतकेच चांगले चालत होते. मी ठरवलं, याला श्रीफळ द्यायचं नाही. लिनक्स टाकायचं. ते फुकट असतं, जगभरच्या लोकांनी सावडीने, म्हणजे एकमेकांच्या कामाला हात लावून, बनवलेलं असतं, आणि कुणाचं वय विचारत नाही. अक्काचा खेळ त्यावर चालतो का, तेही आधी नीट तपासलं. मधे एक दुभाषा प्रोग्राम बसवावा लागतो, मग चालतो. इथवर माझं काही चुकलं नव्हतं, हे ध्यानात ठेवा.

आमच्या डिस्कचे पहिल्यापासून दोन वाटे होते, मधे बांध. एका वाट्यात नवी सिस्टीम टाकायची, म्हणजे तो वाटा नांगरून साफ करावा लागतो. दुसरा तसाच राहतो. आपल्याकडची वाटणीची रीत तुम्हाला माहीतच आहे. ज्याने वाटे पाडायचे त्याने आधी उचलायचं नाही. माझ्या आणि थोरल्याच्या वाटणीत थोरल्याने बांध घातला आणि आधी मला विचारलं, म्हणून आज आमच्यात बोलणं आहे. तेव्हा मी दोन्ही वाटे पडद्यावर शेजारी-शेजारी उघडले आणि म्हणालो, तुझा कोणता ते आधी तू सांग, मग मी माझ्या वाट्यात लिनक्स टाकतो. (कोणताही सांगितला तरी हरकत नव्हती, अशी माझी समजूत होती. उन्हाळ्यात मीच फोटो, गाणी आणि तिच्या खेळाचं पडद्यावरचं चित्र, तो आयकॉन, इकडून तिकडे उतरवून ठेवलं होतं. ते चित्र म्हणजे घरावरची पाटी होती आणि घर जागच्या जागी होतं, हे मला आता कळलं.) अक्का दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर करून पडद्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “उगवतीकडचा माझा. मावळतीचं काय करायचं ते करा.”

आता नकाशात उगवत कुठं असते? उजव्या हाताला. शाळेत तिसरीपासून हेच शिकवतात. मी उजवा वाटा तिच्या नावे सोडला आणि डावा नांगरला. दोनदा विचारलं मशीनने, नक्की ना? मी दोनदा हो म्हणालो. पण आमचा कॉम्प्युटर दक्षिणेच्या भिंतीला आहे, शहादेवराव. त्याच्यापुढे बसलं की तोंड दक्षिणेला होतं, आणि दिवस उगवतो तो डाव्या हाताला. रोज सकाळी तिकडच्या खिडकीतून माझ्या डाव्या कानावर ऊन येतं. आयुष्यभर या घरात राहून मी कागदावरची दिशा धरली आणि तिने जमिनीवरची. तिचं बरोबर होतं.

विहीर गेली. कांद्याची चाळ गेली. कोंबड्या गेल्या, तानाजी गेला (पडद्यावरचा. खरा आत्ताच विळा मागायला येऊन गेला). मला वाटलं, ती आरडाओरडा करेल. मी त्याच तयारीने उभा होतो. ती जवळ आली, रिकाम्या पडद्याकडे बघून एवढंच म्हणाली, “आन् हौश्या?” आणि भाकरी टाकायला निघून गेली.

त्यानंतर मी शिकस्त केली. पुसलेलं परत काढून देणारे प्रोग्राम असतात, ते दोन दिवस चालवले. नांगरलेल्या रानात पडलेली जोडवी शोधण्यातला प्रकार. अकराशे फायली वर आल्या. लाइटची बिलं आली, आरोहीचा चौथीचा निबंध आला, तुमच्या घरभरणीचे फोटो आले, शेत आलं नाही. मात्र एक फोटो अर्धा आला. दिवाळीत आरोहीने जुन्या अल्बममधून काढून घातलेला, पोळ्याचा. वरच्या अर्ध्यात रंगवलेली शिंगं, कपाळावरचं बाशिंग आणि एक डोळा, त्याच्याखाली नुसता करडा रंग. आपला खरा हौश्या. अक्का मागे येऊन उभी राहिली, बराच वेळ बघत होती. मी म्हणालो, अर्धाच निघाला.

तुम्हाला खरं सांगायचं तर हे अकरा दिवसांचं न बोलणं मला ओळखीचं वाटलं. २०११ साली मामी आजारी होत्या म्हणून ती आठ दिवस उमापूरला तुमच्याकडे आली होती. तेवढ्या दिवसांत मी ट्रॅक्टर ठरवला आणि हौश्याला बाजार दाखवला. तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने नको म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नाही, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. ती परत आली, रिकाम्या दावणीकडे बघितलं आणि त्याची घुंगरमाळ उचलून घरात खिळ्याला अडकवली. तो खिळा आता बरोबर कॉम्प्युटरच्या वर आहे. तेव्हाही ती काही बोलली नव्हती, आणि तेव्हा मी ते बरं झालं असं समजलो होतो. एकाच बैलाला मी दोनदा घालवलं, एकदा न विचारता आणि एकदा विचारून. चौदा वर्षं ती खेळाच्या त्या बटणासारखी माझ्या हो किंवा नाहीची वाट बघत असेल का, असा विचार सारखा मनात येतो. मशीनला तरी एक सोय आहे, हो म्हणायच्या आधी ते दोनदा विचारतं.

असो. पत्र लांबलं. सर्वांना यथायोग्य सांगा, मामींना माझा दंडवत.

आपला दाजी,
आश्रुबा

ता. क. : खरं काम लिहायचंच राहिलं. भाऊबीजेला भागवत अक्काचा खेळ त्याच्या निळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेत होता, मी पाहिलं आहे. त्यात तिचं शेत नक्की असेल. तो पेनड्राइव्ह गव्हाच्या पिठाच्या पिशवीत वगैरे नीट लपवून पहिल्या येणाऱ्या माणसाच्या हाती द्या. अक्काला फोनवर अवाक्षर काढू नका. दिवाळीनंतर खेळात लावलेले कांदे जातील, पण बैल मिळेल.

ता. क. दुसरा, सोमवार सकाळ : पाकीट चिकटवायला भाताचं शीत मागितलं आणि फसलो. अक्काने चष्मा लावून पत्र हातात घेतलं. (तुम्हाला जाणारं प्रत्येक पत्र ती वाचते, हे मी कसा विसरलो कोण जाणे.) पुढ्यातल्या सुपातल्या तुरीच्या शेंगा सोलून संपेपर्यंत वाचत होती. घरभरणीपाशी हसली. बाजारापाशी थांबली, तो परिच्छेद परत वरून वाचला. मग उठली, फळीवरची हिंगाची डबी काढली आणि निळा पेनड्राइव्ह माझ्यापुढे ठेवला. भागवतकडे तो नव्हताच. तिनेच त्याला सांगून शेत उतरवून घेतलं होतं आणि त्याच दिवशी ठेवून घेतला होता. मी म्हणालो, मग अकरा दिवस दिला काहून नाही? ती म्हणाली, “बैल विकला ते तुमी कधी तोंडानं बोलणार, ते बघत व्हते. तोंडानं न्हाई तर न्हाई, कागदावर तरी आलं.” आणि वर म्हणाली, “तुमी दिवाळीत वाटणीचं बोलाया लागले तवाच मला कळलं व्हतं, एक दिस काहीतरी नांगरतंय हे.”

पेनड्राइव्ह लावला (खोलीभर हिंगाचा वास सुटला). शेत उघडलं. हौश्या गोठ्यात उभा होता. मला वाटलं ती खुर्चीवर बसेल. तिने मला बसवलं आणि म्हणाली, “आज तुमी पाणी दाखवा त्याला.” एवढे प्रोसेसर आणि रॅम मला कळतात, पण पाणी दाखवायचं बटण कोणतं ते सापडायला वीस मिनिटं लागली. ती बाजूला उभी होती आणि सांगत नव्हती.

तर पेनड्राइव्ह पाठवू नका, नाहीच तो तुमच्याकडे. पत्र मात्र पाठवतो आहे, कारण बाजाराचा मजकूर मामींना मोठ्याने वाचून दाखवा असा अक्काचा हुकूम आहे. ऐकून त्या काय म्हणाल्या ते जसंच्या तसं लवकर लिहून कळवा. पाकिटावर नाव तुमच्या अक्काचंच घाला, नाहीतरी आधी तीच फोडणार आहे.