यांचा सोमवारचा आवाज

११ नोव्हें., मंगळ.
हे गेल्यावर केलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला महिना झाला. चिखलीच्या या घरात आता एका माणसाची भांडी. आज संशोधनवाल्या डॉ. मधुराचा फोन. स्नायूंच्या आजारात वाचा कशी जाते ते टिपायला हे दर सोमवारी मोबाइलवर आठवड्याचे वार म्हणून दाखवायचे. ती रेकॉर्डिंग क्लाऊडवर आहेत, मोबाइलमध्ये काही उरलेलं नाही. आता देशोदेशीच्या संशोधकांना तिथून ऐकू द्यायची म्हणते. "आपल्याकडचे आवाज फार कमी आहेत, काकू." होकार दिला की मागे घेता येत नाही. नकार दिला तर पुसून टाकणार. मला एक प्रत दे म्हटलं. नियमात नाही. नियम म्हटल्यावर काय बोलणार. जन्म शाळेत शिकवण्यात गेला.

१२, बुध.
सिद्धूला पुण्याला फोन. "पुसायला सांग, आई. बाबांना तसं तोतरं कुणी ऐकलेलं मला नाही चालणार." आजारपणात बापाला दोनदा भेटला.

१६, रवि.
उंद्रीहून नणंद आली. तिला सगळं सांगितलं. "देऊन टाका ना वैनी. जित्तेपनी घरात त्याचं कोनी आयकलं नाही, आता दुनिया आयकन." हसली. मग पदर तोंडाला लावून बसली. मी चहा ठेवला.

१९, बुध.
ठरवण्याआधी एक नमुना ऐकता येतो. मधुराने लिंक पाठवली. सोम... मंगळ... बु... मग नुसती शांतता. मग हे, ओढून ओढून, "म्हनतो ना. थांब ना वं जरा." पुन्हा शांतता.
मी शेजारीच होते. बुधवार, बुधवार म्हणून मागे लागले होते. ते माझं म्हणणं कुठेच नाही. मधुराला विचारलं. "पेशंटशिवाय दुसरा आवाज काढावाच लागतो, काकू. तुमची संमती नव्हती." म्हटलं, आता घे. परत घाल.

२०, गुरु.
मधुराचा फोन. काढलेले तुकडे ठेवत नाहीत. उद्यापर्यंत हो की नाही ते कळवायचं. सिद्धूचाही फोन वाजून गेला, उचलला नाही.
हो म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, हा माणूस रिकाम्या खोलीत कुणाला तरी थांब म्हणतोय. नाही म्हटलं तर ते थांब म्हणणंही...
मधुराला लिहायला घेतलं. 'नमस्कार' एवढं झालंय.